मालकाची गाठ

रविवारी संध्याकाळी माझी सोडली तर गावात एकही चूल पेटली नव्हती, आणि माझी पेटूनही काही उपयोग नव्हता. मक्याच्या केंकीचे गोळे टोपलीत गार होत होते, तळलेल्या मासळीवर माशा बसत होत्या. घेणार कोण? बदामाच्या झाडाखाली सगळं गाव जमलं होतं आणि सगळं गाव बोलत होतं. ऐकणारा मात्र एक नाही.

हे झाड म्हणजे शार्क्स फुटबॉल क्लबच्या माणसांची बैठक. चार बाकडी, एक ढोल, खांबाला टांगलेला रेडिओ, आणि कडेला मी. माझा धंदाच इथे. त्यामुळे आमच्या एदुमाकुरात कोण कुठे चुकलं हे मला त्यांच्या बायकांच्या आधी कळतं.

त्या दिवशी मात्र कोण चुकलं तेच ठरत नव्हतं. लीगचा शेवटचा सामना, तोही आमच्याच मैदानावर. नुसती बरोबरी झाली असती तरी चॅम्पियन आम्ही, आणि पुढच्या वर्षी वरच्या गटात. खाणीवाल्यांच्या संघाने सुरुवातीलाच एक गोल मारून ठेवला. मग आमची पोरं जिवाच्या आकांताने खेळली आणि अगदी शेवटी आमचा फीफी एकटा निसटला. त्यांचा गोलकीपर लांब आडवा पडलेला, समोर गोल सताड उघडा. फीफीने मारला. मैदान उठलं, ढोल घुमला, मी हातातला झारा फेकून नाचायला लागले, आणि बघते तर बॉल जाळ्याच्या मागे गवतात. रेफरीने हात केला, बाहेर! फीफी त्याच्या अंगावर धावून गेला. "आत गेला होता! आत गेला होता!" म्हणून छाती पिटत राहिला. त्याला पिवळं कार्ड मिळालं आणि थोड्या वेळाने शिट्टी झाली.

"अरे, सताड उघडा गोल!" जोजो ओरडत होता. हा जोजो पंक्चरं काढतो, पण सगळे त्याला रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही. "माझी म्हातारी काठी टेकत आली असती तरी तिने घातला असता!"

"कोचचं बोल की आधी! पळणारं पोर काढून तो लंगडा घोडा कशाला घातला?"

"कोच काय करील? सामन्याआधी पोरांना पोटभर फुफू चारलं! फुफू खाऊन माणूस पळतो का झोपतो?"

"ए, माझ्या फुफूचं नाव काढायचं नाही!" हे चेअरमन ओटू. बर्फाच्या कारखान्याचे मालक. कुठेही आधी त्यांचं पोट पोचतं, मग ते. "बस माझी, बूट माझे, क्लब माझा! माझा क्लब कुणी विकला ते मी शोधून काढणार!"

विकला, हा शब्द पडला आणि सगळ्यांच्या माना जवळ आल्या. मग जोजो आवाज खाली आणून म्हणाला, "फीफीच्या हातात नवं घड्याळ आहे. पाहिलंत का कुणी?"

अहो, ते घड्याळ त्याच्या ताकोराडीच्या मावशीने पाठवलेलं. बसवाल्याकडून पुडकं मी स्वतः सोडवून आणलं होतं. मी बाकड्यावर चढून ओरडून सांगितलं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा माणसांना पुरावा कशाला लागतो? दिवस मावळायच्या आत फीफीच्या आईच्या दारावर दगड पडला. फीफी होड्यांवर नावं रंगवतो, मासे काढतो, लाटा काढतो, हात छान आहे त्याचा. सोमवारी सकाळी एका होडीमालकाने अर्ध्यावर आलेलं नाव थांबवलं. "विकाऊ हाताचा रंग नको," म्हणाला. पोरगं डबे उचलून घरी गेलं ते बाहेर पडेना.

आता एबोचं सांगते, कारण ही गोष्ट त्याची आहे.

एबो बेंत्सिल. मंगळवारी जन्मला म्हणून एबो. मंगळवारी आमच्याकडे समुद्राला सुट्टी, कुणी होडी ढकलत नाही, जाळी तेवढी सांधली जातात. त्यामुळे लोक चेष्टा करायचे, हा जन्मला त्या दिवशी समुद्राने याच्याकडे पाठ केली ती केलीच. आणि खरंच, कोळ्याचा मुलगा असून त्याला होडी लागायची! बापाने किती वेळा नेला. किनारा दिसेनासा झाला की हा काठाला लोंबकळून ओकायचा. बापाने मारला, शिव्या घातल्या, एकदा तर पाण्यात ढकलला. शेवटी मामाने हाताला धरून स्वतःच्या खोपटात आणला, जाळी सांधायची लाकडी सुई हातात दिली आणि म्हणाला, "समुद्र तुला नको म्हणतोय, तर तू त्याची जाळी सांभाळ." त्या दिवसापासून तीच सुई. त्याच्या घामाने काळी होऊन गुळगुळीत झालेली. आज गावातले सगळे त्याला एग्या म्हणतात, म्हणजे बापच. बायको गेली, मुली लग्न करून गेल्या, आणि म्हातारा त्या खोपटात जाळ्यांच्या ढिगात राहतो. येता-जाता मी त्याला माशाचं डोकं देते. त्याला डोकंच आवडतं.

आमच्या किनाऱ्याची एक रीत आहे. सांधणारा जाळं पुरं करतो, पण शेवटची गाठ मारत नाही. दोन टोकं तशीच सोडून ठेवतो. ती गाठ जाळ्याच्या मालकाने स्वतः येऊन मारायची. मग मासा आला तर त्याचा, आणि जाळं फाटलं तर तेही त्याचं. एग्या एबोने सांधलेलं प्रत्येक जाळं असंच त्याच्या हातून गेलं. क्लबच्या गोलाची जाळीही तोच सांधायचा, फुकट. सामना असला की गोलच्या मागे खोकं टाकून बसायचा. बॉलकडे कधी बघायचा नाही. कोण जिंकलं हे मला येऊन विचारायचा. नजर सगळी जाळ्यावर.

सोमवारी दुपार कलली तेव्हा झाडाखाली पुन्हा तेच चाललं होतं. आता तर फीफीला गावाबाहेर काढायची भाषा सुरू झाली होती. तेवढ्यात एग्या एबो आला. खांद्यावर गोलाचं जाळं, घामाने डबडबलेला. कुणाशी बोलला नाही. ढोल बाजूला केला आणि जाळं बाकड्यांवर पसरलं.

"गोल होता," तो म्हणाला.

"काय म्हणतोस एग्या?" जोजोने विचारलं.

"फीफीचा गोल होता. बॉल आत गेला आणि इथून बाहेर पडला." त्याने खालच्या कोपऱ्यात हात घातला. जुनं जाळं आणि नवा तुकडा जिथे जोडला होता, तिथली शिवण सरकून मोकळी झाली होती. त्याचा हात खांद्यापर्यंत पलीकडे गेला. "जाळं लोंबत होतं म्हणून फट मिटून गेली, कुणाला दिसली नाही. मी पाहिली. ओरडलोही. तुमच्या ढोलात कोण ऐकतोय माझं?"

कुणीतरी बॉल आणला. खरंच, तो फटीतून सटकन निघाला. मला रडूच आलं. पोराचा गोल खरा होता! मी म्हटलं, झालं, सुटलं पोरगं, आता हे सगळे उठतील आणि त्याच्या आईची माफी मागायला जातील.

कसलं काय! जोजोने फटीकडे पाहिलं, मग एग्याकडे पाहिलं. "जाळं सांधलं कुणी?"

"मी."

"म्हणजे तुझ्यामुळे हरलो आपण!"

बाई गं, काय तो गलका! सकाळपासून फीफीला शिव्या घालून दमलेल्या लोकांना नवा माणूस सापडला. कुणी म्हणालं, म्हातारा आंधळा झालाय. कुणी म्हणालं, फुकटचं काम ते फुकटच. एकाने तर खाणीवाल्यांनी यालाच पैसे चारले म्हणून सांगितलं. कालचं घड्याळ सगळे विसरले. एग्या मधे उभा होता आणि नुसता मान हलवत होता.

त्या संध्याकाळी क्वामिना त्याच्या खोपटात गेला आणि आपलं जाळं उचलून घेऊन आला. क्वामिनाची होडी गावात सगळ्यात मोठी. त्याने नेलं म्हटल्यावर बाकीचे मागे राहतात का? एकेक जण यायचा, आपलं जाळं ओढायचा, न बोलता जायचा. मी भांडले. "अरे, बापजाद्यांपासून ह्याची जाळी वापरताय, एकाला तरी कधी दगा दिलाय का?" क्वामिना म्हणाला, "एना अराबा, माझी पोरं त्या जाळ्यावर पोसायची आहेत. ज्याची शिवण सुटते त्याच्याकडे मी नाही ठेवणार." आणि वर म्हणाला, "उद्या नाना निवाडा करतील."

नाना अर्हिन म्हणजे आमच्या कोळ्यांचे मुख्य. निवाडा होणार म्हणजे काय होणार ते मला कळलं. सांधणाऱ्याचा दोष ठरला तर नाना त्याची सुई सगळ्यांदेखत मोडतात. मोडलेल्या सुईच्या माणसाला मग या किनाऱ्यावर कुणी जाळं देत नाही. होडीत जाता येत नाही, सुईही गेली, तर एबोने करायचं काय? खायचं काय?

मी खोपटात गेले तेव्हा तो मोकळ्या जमिनीवर बसला होता. कधी नव्हे ती त्या खोपटाची भिंत दिसत होती.

"तुला कुणी सांगितलं होतं जाळं उचलून आणायला?" मी त्याच्यावरच चिडले. "हात दाखवून अवलक्षण! गप्प बसला असतास तर कुणाला कळलं असतं?"

"पोराचा गोल होता, अराबा," तो म्हणाला.

"आणि तुझी सुई?"

त्याने सुई हातात फिरवली. मी आणलेलं माशाचं डोकंही त्याने खाल्लं नाही. मला इतका राग आला त्याचा, की ते मीच कुत्र्याला घातलं आणि रडत घरी आले.

मंगळवार उजाडला. होड्या सगळ्या वाळूवर, माणसं सगळी किनाऱ्यावर. नानांच्या मांडवाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. नानांनी जिनची बाटली उघडून वाळूवर ओतली, वाडवडिलांना हाक घातली आणि आपल्या स्टुलावर बसले. त्यांच्यापुढे ते जाळं, आणि जाळ्यावर ती काळी सुई.

"एबो, ही शिवण का सुटली?"

"शेवटची गाठ मारलेली नव्हती, नाना."

"का नव्हती?"

"ती मालकाची असते."

मांडवात कुजबूज झाली. इथे प्रत्येकाने ती गाठ आयुष्यात कितीदा मारलेली. पण गोलाच्या जाळ्यालाही मालक लागतो हे त्या क्षणापर्यंत कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं. दर वेळी क्लबचा जुना सेक्रेटरी गुपचूप जाऊन गाठ मारून यायचा. पावसाळ्यात तो वारला, आणि ते काम त्याच्याबरोबर गेलं.

"मग तू निरोप नाही दिलास?" नानांनी विचारलं.

"दिला. चेअरमनसाहेबांना. शनिवारी."

सगळ्यांच्या माना चेअरमन ओटूंकडे वळल्या. त्यांनी रुमालाने मान पुसली. "निरोप आला होता, नाही कशाला म्हणू? पण मला वाटलं, कोच बघेल."

"मी?" कोच उडालाच. "मी कुमासीचा माणूस, समुद्रापासून लांबचा. मला तुमच्या गाठी काय माहीत? मला वाटलं, चेअरमन बघतील."

"आणि मी तर समजलो की बांधलेलीच आहे," आमचा गोलकीपर मागून पुटपुटला.

"हे बघा नाना," चेअरमन आता उभे राहिले, "जाळं काय माझ्या घरचं आहे का? क्लब म्हणजे गावाचा. सगळ्यांचा!"

माझं डोकं फिरलं. "आता गं बया! रविवारी 'माझा क्लब, माझा क्लब' म्हणून नरडं फुटत होतं, आणि आज गावाचा झाला? कप आला असता तर कुणाच्या कपाटात गेला असता हो तो?"

लोक हसले. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बसले. पण चेअरमनही बसले.

"एबो," नाना म्हणाले, "बिनमालकाचं जाळं टांगायचं नसतं. हे तुझ्या मामाने तुला शिकवलं होतं."

"शिकवलं होतं, नाना. सामन्याची वेळ झाली होती. लोक ओरडत होते. मला वाटलं, येईल कुणीतरी. थांबायला हवं होतं मी."

अरे देवा, हा माणूस स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलेल तर शपथ! नानांनी सुई उचलली. दोन्ही हातांत आडवी धरली. त्यांनाही ते नको होतं, दिसत होतं. तेही याच जाळ्यांवर म्हातारे झालेले.

"एकदाच विचारतो," ते म्हणाले. "या जाळ्याला मालक आहे का कुणी? असेल तर त्याने पुढे यावं, गाठ मारावी, आणि हरल्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर घ्यावं. पुन्हा या गावात त्यावरून दुसऱ्या कुणाचं नाव निघणार नाही. मालक नसेल, तर दोष एबोचा."

कोणी हललं नाही. चेअरमन पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होते. कोच होड्या मोजत असल्यासारखा बाहेर बघत होता. जोजो, जो झोपेतही बोलतो, त्याचं तोंड शिवल्यासारखं झालं. दोन दिवस सगळं गाव 'आपण हरलो, आपण हरलो' म्हणत होतं. त्या 'आपण'मधला एक माणूस त्या मांडवात सापडेना.

नानांचे अंगठे सुईच्या मधोमध आले. एग्याने नजर खाली केली.

"थांबा."

मागे फीफी उभा होता. कधी आला कुणाला कळलं नाही. कपड्यांवर रंगाचे डाग, डोळे सुजलेले. लोकांनी वाट दिली. तो सरळ जाळ्यापाशी आला.

"माझं आहे," तो म्हणाला.

"तुझं?" जोजोला वाचा फुटली. "अरे शहाण्या, तुझाच तर गोल गेला त्यातून! सुटलास ना तू? कशाला पुन्हा मान अडकवतोस?"

"गोल माझा होता ना?" फीफी त्याच्याकडे वळला. "रेफरी नाही म्हणाला. रेडिओवरच्या बातमीत नाही म्हणाले. तुम्ही सगळे नाही म्हणालात, माझ्या आईच्या दारावर दगड मारलात. हा एकटा हो म्हणाला. मग माझा एकुलता एक गोल ज्या जाळ्यात आहे, ते जाळं माझं. कुठली टोकं बांधायची ते सांगा."

नानांनी सुई मांडीवर ठेवली. "मग हरल्याच्या शिव्या तुला."

"दोन दिवस खातोच आहे, नाना. सवय झाली."

तो गुडघ्यांवर बसला, टोकं हातात घेतली आणि तसाच राहिला. कोळ्याच्या गावात वाढलेलं पोर, पण जाळ्याला कधी हात लावलेला नाही, लावला तो पाय. त्याने वर एग्याकडे पाहिलं. एग्याचा हात आपोआप पुढे झाला, आणि त्याने तो मागे ओढला. मालकाच्या गाठीला सांधणाऱ्याचं बोट लागता कामा नये. म्हाताऱ्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"उजवं टोक वरून घे," तो म्हणाला. "वरून रे. आता खालून. बोट काढू नकोस, धर तसंच. जाळ्याच्या डोळ्यातून परत आण."

फीफीचं टोक निसटलं. कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदाही निसटलं. मी क्वामिनाकडे पाहिलं, तर त्याची बोटं मांडीवर आपोआप ती गाठ मारत होती. शेजारच्याचीही. सगळा मांडव हात शिवशिवत बसला होता आणि एकालाही उठता येत नव्हतं.

तिसऱ्यांदा बसली. फीफीने दाताने आवळली.

नाना एग्याला म्हणाले, "बघ."

आता एग्याला हात लावायला हरकत नव्हती. तो वाकला, शिवणीत बोटं घालून त्याने सगळा जोर लावून ओढलं. पुन्हा ओढलं.

"गाठ वाईट आहे," तो म्हणाला. "पण सुटायची नाही."

मग त्याने फीफीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. फीफी हमसून हमसून रडला. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

थोड्या वेळाने एग्याने दुसरा हात नानांपुढे पसरला. "सुई द्या नाना. मंगळवार आहे. कामं पडलीत."

कसली कामं? त्याच्या खोपटात एक जाळं उरलं नव्हतं, आणि ते कुणी नेलं होतं हे त्या मांडवात प्रत्येकाला ठाऊक होतं. नानांनी सुई दिली. मग क्वामिना उठला, कुणाच्या तोंडाकडे न बघता बाहेर पडला, आणि आपलं जाळं आणायला घरी गेला.